किल्ला आणि गोठा : खेळत्या शिल्पाचा विचार

शिल्पकलेविषयी मराठीत जे लेखन होते, ते बहुतेक टिकाऊ शिल्पांविषयी असते. कार्ले-भाज्याची लेणी, वेरूळचे कैलास, चौकाचौकांतील अश्वारूढ पुतळे यांची चर्चा होते, आणि ती व्हावी हे योग्यच आहे. दगड आणि धातू पिढ्यान्‌पिढ्या समोर उभे असतात. समीक्षकाला त्यांच्याकडे पुनःपुन्हा वळता येते. परंतु पुणे शहरात दरवर्षी नव्याने घडणारे, ठिकठिकाणच्या अंगणांत उभे राहणारे आणि महिन्याभरात पुन्हा मातीला मिळणारे एक शिल्प आहे. त्याचे कर्ते बहुधा आठ ते चौदा वर्षांचे असतात. त्यावर कोणाची स्वाक्षरी नसते, आणि त्याची समीक्षाही फारशी कोणी करीत नाही. दिवाळीच्या सुटीतील मातीचा किल्ला हे ते शिल्प होय.

असेच दुसरे एक शिल्प त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी आपल्या ख्रिस्ती घरांत आणि ख्रिस्तमंदिरांत उभे राहते. तो नाताळचा गोठा. पुण्यातील कित्येक ख्रिस्ती मुलांचे हात ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजाऱ्याच्या किल्ल्याला लागलेले असतात आणि डिसेंबरात स्वतःच्या घरच्या गोठ्याला. एकाच मुलाच्या हातांनी केलेल्या या दोन कृतींचा एकत्र विचार व्हावा, या हेतूने आम्ही हे लिहीत आहो.

आमचे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. किल्ला आणि गोठा ही निव्वळ शिल्पे नव्हेत आणि निव्वळ खेळही नव्हेत. घडवणे आणि खेळणे या दोन क्रिया त्यांत एकजीव झालेल्या असतात, आणि घडवणाऱ्याच्या मनाला जे स्वास्थ्य लाभते ते या एकजीवपणातून लाभते. त्यांतून खेळ काढून घेतला, तर मागे एखादी सुबक वस्तू उरेल. तिचे कौतुक होईल, तिला बक्षीसही मिळेल. पण ज्याच्यासाठी ती करावयाची, त्या मनाचा लाभ मात्र हातून निसटेल. आज हे निसटणे आपल्या डोळ्यांदेखत चालले आहे, म्हणून हा विषय केवळ बालविश्वातील गंमत म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

माती, हळीव आणि चित्रे

किल्ल्याची सामग्री सर्वांच्या परिचयाची आहे. सहामाही परीक्षा संपली की मुले माती शोधू लागतात. विटा, दगड, जुनी पोती, एखादा मोडका डबा यांचा सांगाडा रचला जातो आणि त्यावर भिजवलेली माती थापली जाते. बुरूज, दरवाजा, माचीकडे जाणारी वळणाची वाट, पायथ्याशी तळे, कड्याच्या पोटात एक गुहा. ओल्या मातीवर हळीव किंवा मोहरी पेरतात. थोड्याच दिवसांत डोंगर हिरवा होतो. मग 'चित्रे' येतात. कसबा पेठेतील कुंभारवाड्यात आणि मंडईच्या परिसरात ती मांडलेली असतात: सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज, ढाल-तलवार घेतलेले मावळे, तोफा, आणि त्यांच्या शेजारी गवळण, भाजीवाली, वासुदेव, बैलगाडी. गुहेसाठी वाघ हवाच.

रूढ कलासमीक्षेची फूटपट्टी लावली तर या शिल्पात दोषच दोष दिसतील. वाघ दरवाज्यापेक्षा मोठा असतो. बुरूज मावळ्याच्या जेमतेम कमरेला लागतो. तळ्यात ठेवलेले बदक तोफेएवढे असते. परंतु ज्याला आपण दोष म्हणतो ती येथे एक निराळी दृष्टी आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती चित्रांत पवित्र मरिया सिंहासनावर भव्य दिसते आणि तिच्या पायाशी गुडघे टेकणारा दाता बोटभर उंचीचा असतो. त्या चित्रकारांना माणसाची उंची मोजता येत नव्हती असे नव्हे. डोळ्यांना जे मोठे दिसते त्याऐवजी मनाला जे मोठे वाटते ते मोठे काढावे, असा त्यांचा नियम होता. किल्ला करणारे मूल न शिकवता तोच नियम पाळते. त्याच्या लेखी वाघ महत्त्वाचा आहे, म्हणून वाघ मोठा आहे.

या शिल्पाचे दुसरे वैशिष्ट्य असे की, त्याचा कर्ता त्याच्या बाहेर उभा राहत नाही. पुतळा घडवणारा शिल्पकार दोन पावले मागे सरून आपल्या कृतीकडे पाहतो. किल्ला करणारे मूल पोटावर आडवे होऊन दरवाज्यातून आत पाहते. कोणत्या मावळ्याने कोठे पहारा द्यावयाचा, शत्रू कोणत्या वाटेने येणार, भाजीवाली गडावर चढू शकेल काय, हे सारे ठरवावे लागते, आणि ते एकट्याने ठरत नाही. शेजारच्या मुलाचे मत वेगळे असते. भांडण होते, समेट होतो, तोफ जागा बदलते. संध्याकाळी पणती लावली की सावल्या हलतात आणि गोष्ट पुढे सरकते. घडवण्याचे काम संपले आणि खेळ सुरू झाला, असा क्षण येथे दाखवता येत नाही. माती थापतानाच खेळ सुरू झालेला असतो, आणि खेळताना पुन्हा माती थापली जाते.

वाळूची पेटी

या साध्या गोष्टीचा आणि मनःस्वास्थ्याचा संबंध विसाव्या शतकात युरोपातील काही चिकित्सकांच्या ध्यानात आला. त्याचा इतिहास मनोरंजक आहे.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स आपल्या दोन मुलांबरोबर घराच्या जमिनीवर खेळत असत. लाकडी फळ्या, ठोकळे आणि छोट्या आकृत्या मांडून ते बेटे आणि नगरे वसवीत. या खेळांवर त्यांनी १९११ साली 'फ्लोअर गेम्स' नावाचे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. ते पुस्तक मार्गारेट लोवेनफेल्ड या बालरोगतज्ज्ञ बाईंच्या स्मरणात राहिले होते. १९२८ साली त्यांनी लंडनमध्ये अस्वस्थ मुलांसाठी चिकित्सालय उघडले. तेथे जस्ताचा पत्रा लावलेल्या पेटीत वाळू, जवळच पाणी, आणि कपाटात माणसे, प्राणी, घरे, झाडे, कुंपणे अशा लहान लहान वस्तू ठेवलेल्या असत. मुलांनी आपण होऊन वस्तू वाळूत मांडावयास आरंभ केला आणि त्या मांडणीला 'जग' असे नावही मुलांनीच दिले. बाईंनी ते नाव तसेच ठेवले. ज्या मुलाला आपले दुःख शब्दांत सांगता येत नाही, ते मूल आपले जग मांडून दाखवू शकते, एवढे त्यांनी ओळखले. पुढे १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या डोरा काल्फ यांनी लोवेनफेल्ड यांच्याकडे हे तंत्र पाहिले आणि आपल्या पद्धतीने वाढवले. पेटीचा तळ निळा असे, म्हणजे वाळू बाजूला सारली की पाणी दिसावे. पेटीचा आकारही एका दृष्टिक्षेपात मावेल एवढाच असे. मूल मांडीत असताना चिकित्सक जवळ बसे. चूक-बरोबर सांगत नसे, अर्थही लावून दाखवीत नसे.

काल्फ ज्यांच्या विचारांनी प्रभावित झाल्या होत्या, त्या कार्ल युंग यांची कथा तर आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. १९१३ साली फ्रॉइड यांच्याशी संबंध तुटल्यावर युंग यांचे मन फार विस्कटले होते. चाळिशीकडे झुकलेला, नावलौकिकाचा हा वैद्य तेव्हा झ्युरिक सरोवराच्या काठी दगड गोळा करून लहान मुलासारखा खेळू लागला. रोज जेवणानंतर, रुग्ण येण्यापूर्वी, त्याने घरे बांधली, एक किल्ला बांधला, बघता बघता एक गाव उभे केले. गावाला ख्रिस्तमंदिर हवे, म्हणून तेही बांधले. परंतु त्यात वेदी नव्हती, आणि ती करावयास त्याचे मन धजेना. एके दिवशी काठाने फिरताना त्याला एक छोटा लाल दगड सापडला. तो त्याने मंदिराच्या घुमटाखाली वेदी म्हणून ठेवला. या खेळातून आपल्या मनाचे धागे पुन्हा हाती आले, असे युंग यांनी उतारवयात आपल्या आत्मकथनात नमूद केले आहे.

पुण्याच्या अंगणातील मुले आणि सरोवराकाठचा हा विद्वान यांच्या कृतीत आम्हांला तत्त्वतः भेद दिसत नाही. दोघांनीही माती-दगडांचे लहानसे जग केले, त्यात आपण शिरले, आणि बाहेर आले तेव्हा काहीसे हलके झालेले होते. आता अनेकांना अंगण राहिलेले नाही. सदनिकेच्या गॅलरीत परातीएवढ्या जागेत किल्ला होतो. परंतु काल्फबाईंची पेटी तरी केवढी होती! जागा अपुरी म्हणून किल्ला होत नाही, ही तक्रार आम्हांला पटत नाही.

येथे एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. किल्ला हे औषध नव्हे. ज्या मुलाची झोप उडाली आहे, जे मूल बोलेनासे झाले आहे, त्याला जाणत्या चिकित्सकाकडेच नेले पाहिजे. वाळूची पेटी तेथेही शिकलेल्या हातांतच शोभते. आम्ही बोलत आहो ते रोजच्या आरोग्याविषयी. मनाला जसा रोजचा घास लागतो, तसे हे आहे.

रिकामी गव्हाण

गोठ्याचा उगम सांगताना आपण इटलीतील ग्रेच्चो गावाचे नाव घेतो. १२२३ च्या नाताळच्या रात्री असिसीकर संत फ्रान्सिस यांनी तेथे गव्हाण मांडली. मात्र एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. त्या रात्री तेथे मूर्ती नव्हत्या. गवत होते, खराखुरा बैल होता, गाढव होते, मशाली घेऊन आलेले गावकरी होते, आणि गव्हाणीपाशी मिस्सा झाला. पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेच्चोत सही केलेल्या गोठ्याविषयीच्या पत्रातही मूर्ती नसल्याची ही बाब सांगितली आहे. म्हणजे गोठ्याच्या परंपरेत खेळ आधी आला आणि शिल्प नंतर. लोकांनी प्रथम बेथलेहेम स्वतः होऊन पाहिले; मागाहून मातीच्या आकृत्यांनी त्यांच्या जागा घेतल्या.

पुढे अठराव्या शतकात नेपल्स शहरात गोठ्याची कला बहराला आली. तेथील कारागिरांनी बाळ येशूच्या आसपास आपलाच बाजार भरवला: मासळी विकणारी, फळवाला, खानावळीतील गिऱ्हाईक, वाद्य वाजवणारे भिकारी. पुण्याच्या किल्ल्यावर भाजीवाली आणि वासुदेव का चढतात, याचे उत्तर आम्हांला येथे मिळते. मोठ्या इतिहासाच्या शेजारी आपली गल्ली असावी, ही माणसाची इच्छा नेपल्सला आणि कसब्यात एकच आहे. किल्ल्यावर हळीव उगवतो. आपल्या गोव्या-मुंबईकडील घरांत गोठ्यासाठी नाचणी किंवा गहू रुजत घालतात. दोन्हीकडे मूल रोज सकाळी उठून अंकुर किती वाढला ते पाहते. वाट पाहण्याचा याहून गोड धडा आगमनकाळात दुसरा कोणता असेल?

आणि गोठ्यात खेळ आहेच. ज्या घरी जुनी रीत पाळतात, तेथे गव्हाण आगमनकाळात रिकामी असते. मुलाने एखादे चांगले काम केले की त्याने गव्हाणीत गवताची एक काडी ठेवावयाची, म्हणजे बाळाची शय्या मऊ होईल. चोवीस डिसेंबरच्या रात्री बाळ येशूला तेथे निजवतात. तीन ज्ञानी त्या वेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कधी पुस्तकांच्या कपाटावर असतात. ते रोज हातभर पुढे सरकतात आणि ६ जानेवारीच्या सणाला गोठ्याशी पोहोचतात. सोंगट्यांच्या पटाप्रमाणे येथे घरे आहेत, चाल आहे, पोहोचण्याचे ठिकाण आहे; फरक एवढाच की या खेळात कोणी हरत नाही. घरातील प्रत्येकाला चाल मिळते. आजी-आजोबांना, नुकत्याच चालू लागलेल्या नातवालाही.

ही रीत ज्या घरांतून गेली, तेथे गोठा उरला, परंतु त्यातील काळ गेला. दुकानातून आणलेला, सर्व मूर्ती एकाच पायावर चिकटवलेला, आत दिवे लुकलुकणारा गोठा डबा उघडताक्षणी पूर्ण असतो. त्यात करावयाचे काही राहत नाही. बाळ पहिल्या दिवसापासून गव्हाणीत, राजे पहिल्या दिवसापासून दारात. पाहून झाले की पाठ फिरवावी.

परीक्षकांची फेरी

किल्ल्याचीही तीच गत आहे. दिवाळीपूर्वी पुण्याच्या रस्त्यांवर प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले विकावयास मांडलेले असतात. घरी नेऊन ठेवले, चार मावळे उभे केले, झाले. आईवडील दोघेही नोकरी करीत असतील, माती मिळत नसेल, सोसायटीत चिखलाला मनाई असेल, तर हा मार्ग का धरला जातो ते आम्ही समजू शकतो. त्याला दोष देण्यात फारसे हशील नाही. परंतु तयार किल्ल्याला किल्ला म्हणू नये. ती किल्ल्याची मूर्ती आहे. घडवणे त्यातून वजा झाले, आणि घडवणे गेल्याबरोबर खेळही आटतो, कारण जे आपण केले नाही ते मोडून पुन्हा करण्याची मुभा मनाला मिळत नाही.

स्पर्धांविषयी अधिक तोलून बोलले पाहिजे. पुण्यात किल्ले स्पर्धांची परंपरा आहे. महापालिकेने संभाजी उद्यानात किल्ले भरवले, मंडळांनी आणि संस्थांनी बक्षिसे दिली, आणि त्यातून तरुणांचे असे संघ तयार झाले की जे प्रत्यक्ष गडावर जातात, नकाशे काढतात आणि राजगडाच्या तिन्ही माच्या प्रमाणशीर उभ्या करतात. ११ जुलै २०२५ रोजी मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे आपल्या पुणे जिल्ह्यातील आहेत. अशा वेळी किल्ल्यांचा अभ्यास वाढावा हे इष्टच. या प्रतिकृती पाहताना आम्हांला आनंद होतो, आणि त्यांमागील श्रमांविषयी आदरही वाटतो.

तथापि प्रतिकृती ही एक कला आहे आणि खेळता किल्ला ही दुसरी. पहिलीचा निकष अचूकपणा, दुसरीचा निकष जिवंतपणा. घोटाळा होतो तो पहिलीचा निकष दुसरीला लावल्यामुळे. दहा वर्षांच्या मुलाच्या किल्ल्यापुढे वही घेऊन परीक्षक उभे राहिले, आणि हा कोणता गड, याची उंची किती, येथे दरवाजा कसा, असे विचारू लागले, की पुढच्या वर्षी वाघाची उंची कमी होते. त्याच्या पुढच्या वर्षी वडील हात घालतात, काका पुठ्ठा कापतात, मूल पाणी आणून देते. किल्ला देखणा होतो. मूल त्याच्याभोवती दोरी बांधून 'हात लावू नये' अशी पाटी लिहिते. ज्याने किल्ला करावयाचा त्यानेच त्याला हात लावू नये, यापरती उलटी गोष्ट कोणती?

धर्मग्रामांतील गोठ्यांच्या स्पर्धांनाही हे बोलणे लागू आहे. आम्ही काही ठिकाणी असे गोठे पाहिले की ज्यांत धबधबा होता, विजेवर फिरणारा तारा होता, थर्मोकोलचा आख्खा डोंगर होता. आणि घरच्या मुलांना परीक्षक येऊन जाईपर्यंत त्या खोलीत शिरण्यास मज्जाव होता. अशा गोठ्यात कौशल्य आहे, खर्च आहे, सजावटीची हौस आहे. नाही ते मूल. मूल नसलेला गोठा हा शब्दप्रयोगच किती विसंगत आहे!

कौशल्य आणि स्वास्थ्य यांचा संबंध आपण समजतो तेवढा सरळ नाही, याला संशोधनाचाही दुजोरा आहे. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात भारतीय वंशाच्या गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ३९ प्रौढ व्यक्तींना ४५ मिनिटे माती, रंग, कागद यांतून हवे ते करू दिले, आणि त्याआधी व नंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या तणावाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण मोजले. सुमारे तीन-चतुर्थांश लोकांमध्ये ते घटले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ज्यांना कलेचा पूर्वानुभव होता आणि ज्यांना मुळीच नव्हता, त्यांच्या लाभात फरक आढळला नाही. हा अभ्यास लहान आहे, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. परंतु २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कला आणि आरोग्य यांचा संबंध मान्य केला आहे, तेव्हा ही दिशा दुर्लक्षिण्याजोगी नाही. चांगले जमले म्हणून मन शांत होते असे नाही. हात गुंतले म्हणून ते शांत होते. बक्षीस मात्र केवळ चांगले जमलेल्याला मिळते.

मोडण्याचे मोल

किल्ला शेवटी मोडतो. कधी तुळशीच्या लग्नानंतर मुले तो स्वतः पाडतात, कधी अवकाळी पाऊस ते काम करतो. पूर्वी कित्येक मुले सुतळी बाँब लावून गड उडवीत आणि टाळ्या पिटीत. त्या धाडसाची शिफारस आम्ही करणार नाही. परंतु त्या टाळ्यांत एक शहाणपण होते. इतके दिवस खपून केलेली वस्तू हसत सोडून देता येते, पुढल्या वर्षी माती पुन्हा मिळते आणि हातही तेच असतात, हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. ज्या पिढीला परीक्षेतील दोन गुण गेले तरी सर्वस्व गेल्यासारखे वाटते, तिला या ज्ञानाची निकड आहे.

जतन करण्याची मानवी ओढ आम्ही नाकारीत नाही. बाजीराव रस्त्यालगतचे राजा दिनकर केळकर संग्रहालय हे तिचे पुण्यातील हृद्य उदाहरण. दिनकर केळकर (१८९६–१९९०) यांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, वाद्ये, बाहुल्या, खेळणी जमवली आणि त्या संग्रहाला अल्पवयात निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव दिले. तेथील खेळण्यांसमोर उभे राहिले की खेळणारे हात नाहीत याची हुरहुर लागते, आणि एका पित्याने दुःखाला केवढे मोठे रूप दिले याचा विस्मयही वाटतो. संग्रहालयाने जपावे, हा त्याचा धर्म. घराचा धर्म निराळा आहे. घरात बाहुलीचा हात तुटेल, मेंढराचा कान उडेल, मावळा पाण्यात विरघळेल. ते होऊ दिले पाहिजे.

ताणलेले धनुष्य

खेळ हा मुलांचा, प्रौढांनी पाहावा, अशी एक समजूत आहे. तिला आपल्याच परंपरेचा आधार नाही. संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या महाग्रंथात खेळाच्या सद्‌गुणाचा विचार करताना संत योहानाची जुनी आख्यायिका सांगितली आहे. शिष्यांसह खेळताना पाहून काही लोक योहानाला नावे ठेवू लागले. त्यांच्यात एक तिरंदाज होता. योहानाने त्याला बाण सोडावयास सांगितले, पुनःपुन्हा सांगितले, आणि विचारले की हे असे अखंड चालेल काय? धनुष्य मोडेल, असे तो म्हणाला. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला समजावले. देहाला श्रमानंतर निद्रा, तशी जिवाला श्रमानंतर क्रीडा लागते, असे अक्विनास यांचे प्रतिपादन आहे.

कलावंतांमध्ये ही गोष्ट इसामु नोगुची (१९०४–१९८८) या जपानी-अमेरिकी शिल्पकाराने मनावर घेतली. शिल्प चौथऱ्यावर ठेवण्याऐवजी जमिनीलाच आकार द्यावा आणि मुलांनी त्यावर चढावे-घसरावे, अशा 'खेळाच्या डोंगरा'ची आपली १९३३ सालची कल्पना त्याने न्यूयॉर्कच्या उद्यानप्रमुखांपुढे ठेवली. ती फेटाळली गेली. तिला जागा मिळाली ती जपानमधील साप्पोरो शहरी, एके काळच्या कचरा-भरावाच्या जमिनीवर. तेथील मोएरेनुमा उद्यानाचा आराखडा त्याने आयुष्याच्या शेवटच्या वर्षी केला. उद्यान पूर्ण झाले २००५ साली. आयुष्यभर ज्याच्यासाठी झगडला, तो डोंगर नोगुचीला पाहता आला नाही. आपल्या मुलांना तोच डोंगर चार पाट्या मातीत मिळतो, आणि आपण त्यांच्या हाती प्लास्टरचा देतो.

मोठ्यांनी काय करावे? आज्ञा सोडून खाली बसावे, इतकेच. निवृत्त आजोबांच्या हाताला काम नसते आणि बोलावयास माणूस नसते; गोठ्याचे छप्पर शाकारण्यास त्यांच्याइतका योग्य गडी कोण? सांध्यांनी दुखणाऱ्या बोटांनी मेंढरू वळले तर ते वाकडे होईल. गोठ्यात वाकड्या मेंढरालाही जागा आहे. बेथलेहेमचे मेंढपाळही प्रतिष्ठित नव्हते.

धर्मग्राम समित्यांना आमची एक सूचना आहे. येत्या नाताळात स्पर्धा ठेवावयाचीच असेल तर परीक्षकांनी तीन प्रश्न विचारावेत. यातील किती आकृत्या घरच्या हातांनी केल्या? मांडल्यापासून आजपर्यंत यात काय हलले? आणि घरातील सर्वांत लहान मूल यात काय करते? रोषणाईला गुण नकोत, उंचीला नकोत. शक्य असेल तर पहिला-दुसरा क्रमांकही नको. प्रत्येक घरी परीक्षकांनी दोन मिनिटे जमिनीवर बसावे आणि एक ज्ञानी हातभर पुढे सरकवून निघावे.

समीक्षेचे काम गुणदोष सांगण्याचे. पुण्याच्या या दोन मातीच्या कलांत गुण मुळातले आहेत, दोष आपण मोठ्यांनी भरीस घातलेले आहेत. ते काढून घेणे अवघड नाही. किल्ला मुलांना परत द्यावा आणि गव्हाण आगमनकाळभर रिकामी ठेवावी. पुढचे हातांना ठाऊक आहे.